बीएमएस आणि बॅटरी मॉनिटर: सेलची राखण वेगळी, विजेचा हिशेब वेगळा

शिडाच्या बोटीतले डिझेल इंजिन काढून इलेक्ट्रिक मोटर बसवणारे बरेच जण इथे फसतात. बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवून धोका दिसताच बॅटरी तोडणारी यंत्रणा, आणि मॉनिटर म्हणजे आत-बाहेर जाणाऱ्या विजेचा हिशेब ठेवणारे मीटर. बीएमएसचे अ‍ॅप फोनवर टक्के दाखवते, म्हणून वेगळ्या मॉनिटरवर खर्च करायचा नाही, असे ठरते. काही जण उलट करतात: मॉनिटरवर ३५ टक्के दिसले की बॅटरी सुखरूप आहे असे धरून चालतात. ही उपकरणे एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

उदाहरणाला ३० फुटी, सुमारे पाच टनांची बोट घेऊ. २८० अँपिअर-तासांचे १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल एकापुढे एक जोडलेले, म्हणजे ५१.२ व्होल्ट आणि सुमारे १४.३ किलोवॉट-तास. मोटर १० किलोवॉटची. पूर्ण जोरात ती २०० अँपिअरच्या आसपास ओढते.

बीएमएसची एकेक बारीक तार प्रत्येक सेलला जोडलेली असते. एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर किंवा २.५ च्या खाली गेला, तापमान हद्दीबाहेर गेले, प्रवाह फार वाढला, तर ते सर्किट तोडते. मॉनिटरला सेल दिसतच नाहीत. निगेटिव्ह तारेत बसवलेल्या शंटवर (प्रवाह मोजण्यासाठीचा अगदी कमी रोधाचा तुकडा), बहुधा ५०० अँपिअरला ५० मिलिव्होल्टच्या, तो आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो आणि बेरीज-वजाबाकी ठेवतो. एलएफपीला ही मोजणी लागतेच, कारण साधारण ८० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत सेलचा व्होल्टेज ३.३३ वरून ३.२५ पर्यंतच उतरतो. व्होल्टमीटर पाहून त्यात किती उरले ते सांगता येत नाही.

आता एक सेल बाकीच्यांपेक्षा कमी भरलेला असला तर काय होते ते पाहा. पंधरा सेल ३.२ वर आणि तो एक २.५ वर: एकूण ५०.५ व्होल्ट. मॉनिटरला यात काहीच वावगे दिसत नाही, आणि बीएमएस मात्र त्याच क्षणी मोटर बंद करते. चार्जिंगच्या वेळी असेच उलट बाजूने घडते. एक सेल ३.६५ ला पोचला, बाकीचे ३.४ वरच आहेत, एकूण ५४.६५. चार्जर ५६ ची वाट पाहत असतो, तेवढ्यात बीएमएस चार्जिंग तोडते. मॉनिटर ‘१०० टक्के’ तेव्हाच धरतो, जेव्हा व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर टिकतो आणि प्रवाह क्षमतेच्या साधारण ४ टक्क्यांखाली येतो. ते कधी घडतच नाही, म्हणून त्याची मोजणी दर आठवड्याला थोडी-थोडी भरकटत जाते. दोष सेलच्या असमतोलाचा असतो आणि लोक मॉनिटर बदलतात.

असमतोल आधीच काढावा. साध्या बीएमएसचा बॅलन्सिंग प्रवाह, म्हणजे सेल एका पातळीवर आणण्याचा प्रवाह, १०० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. ५ अँपिअर-तासांचा फरक भरायला त्याला ५० तास लागतील, आणि तेही बॅटरी जवळजवळ भरलेली असतानाच. म्हणून बोटीत जोडण्यापूर्वी बँक, म्हणजे सगळ्या सेलची मिळून झालेली बॅटरी, बीएमएस लावून भरत आणावी, मग सोळाही सेल समांतर जोडून बेंच सप्लायने (व्होल्टेज ठरवून देता येणाऱ्या वीजपुरवठ्याने) ३.६५ व्होल्टवर प्रवाह अगदी कमी होईपर्यंत ठेवावे. सुरुवातीपासून समांतर भरू गेलात तर १० अँपिअरच्या सप्लायला आठवडे लागतात.

अ‍ॅपमधल्या टक्क्यांवर भरवसा का नाही? बऱ्याच स्वस्त बीएमएसना अर्ध्या-एक अँपिअरचा प्रवाह दिसतच नाही. दिवे, जीपीएस, रेडिओ रात्रभर चालू राहतात आणि सकाळी आकडा तसाच. बोटीत नेमके किती अंतर कापता येईल, हे याच आकड्यावर ठरते. वेग वाढवला की लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाने वाढते. या बोटीला ४ नॉटला २ किलोवॉट लागत असतील, तर ६ नॉटला ७-८ लागतील. ८० टक्के वीज वापरायची म्हटली, तर पहिल्या वेगाने सुमारे २३ सागरी मैल, दुसऱ्याने ९. हा सौदा थ्रॉटलवर हात असताना डोळ्यांसमोर हवा.

बीएमएसने मोटर तोडणे हा शेवटचा उपाय आहे. खाडीच्या तोंडाशी, ओहोटीच्या ओढीत असे झाले तर सुकाणू हातात असूनही उपयोग नाही. म्हणून पायऱ्या लावाव्यात: ५० व्होल्टला मॉनिटरचा भोंगा, ४८ ला मोटर कंट्रोलर स्वतः जोर कमी करेल अशी सेटिंग, आणि एखादा सेल २.५ च्या जवळ गेला तरच बीएमएस. बोटींची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एबीवायसी संस्थेचे २०२२ चे ई-१३ मानकही तोडण्याआधी चालकाला इशारा मिळावा असे सांगते. मार्गदिवे आणि व्हीएचएफ रेडिओ स्वतंत्र १२ व्होल्ट बॅटरीवर ठेवावेत. दोन बँका समांतर असतील तर प्रत्येकीचे बीएमएस पूर्ण २०० अँपिअर झेपणारे घ्यावे. नाहीतर एक तुटली की सगळा भार दुसरीवर येऊन तीही तुटते.

जोडणीत बॅटरीच्या निगेटिव्हला आधी बीएमएस, मग शंट, मग बसबार (सगळ्या तारा एकत्र येतात ती धातूची पट्टी). शंटला वळसा घालून थेट बॅटरीवर जोडलेली एक तारही हिशेब बिघडवते. मॉस्फेटवाल्या, म्हणजे निगेटिव्ह तार इलेक्ट्रॉनिक स्विचने तोडणाऱ्या, बीएमएसने सर्किट तोडले की मॉनिटरही काळा होतो. वीज परत आल्यावर टक्के तपासून घ्यावेत.

याच क्रमामुळे पावसाळ्यात एक घोटाळा होतो. कोकणच्या किनाऱ्यावर बोटी चार महिने वर ओढलेल्या असतात. बीएमएस स्वतः ३० मिलिअँपिअर खात असेल तर १२० दिवसांत ८६ अँपिअर-तास जातात, आणि बीएमएस शंटच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला असल्याने मॉनिटर ते मोजत नाही. ६० टक्क्यांवर ठेवलेली बँक सप्टेंबरात ६० च दाखवते, आत उरलेले असतात ३० च्या आतबाहेर. पाण्यात उतरवण्याआधी ती एकदा पूर्ण भरावी, म्हणजे मॉनिटर पुन्हा १०० वर जुळतो.