ब्लोअरचा वारा : पंख्यात शिस्तीचा, पानांत खळबळीचा

द्राक्ष बागायतदारांसाठी माहितीपत्रक

ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने औषध फवारणारे ट्रॅक्टरचे मशीन, घ्यायला आलेले बहुतेक जण आधी विचारतात, "वारा किती लांब फेकतो?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग, पानाच्या खालच्या बाजूने आत शिरते. तिथे औषध पोचते की नाही, हे वाऱ्याच्या जोराइतकेच त्याच्या चालीवर ठरते.

उदबत्तीचा धूर पाहा. आधी सरळ रेघ, वर गेल्यावर एकदम वेटोळी. पहिली हवेची शांत चाल, दुसरी खळबळीची. १८८३ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरला काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून हा बदल कशामुळे होतो ते दाखवले. वेग, वाटेची रुंदी आणि प्रवाहाचा दाटपणा व चिकटपणा यांचा मेळ घालून एक आकडा निघतो. नळीत तो साधारण २००० च्या खाली असेल तर प्रवाह शांत राहतो. ६०० मिलिमीटरच्या पंख्यातून सेकंदाला ३० मीटर वेगाने हवा निघते असे धरले, तर तोच आकडा १२ लाखांवर जातो. तेव्हा "आमच्या मशीनमध्ये खळबळ होतच नाही" असे कोणी सांगितले तर चहा पिऊन निघा. खळबळ असणारच, ती कुठे चालेल आणि कुठे नाही, एवढेच बनवणाऱ्याच्या हातात असते.

पंख्याच्या तोंडाशी ती नको. हवा आत घेणाऱ्या रिंगची कड गोलाई दिलेली असते, ती शोभेसाठी नाही. धारदार किंवा चेपलेल्या कडेवरून वळताना हवा पत्र्यापासून सुटते, भोवरे होतात आणि पात्यांच्या टोकांना धड हवा मिळत नाही. जाळीवर पाला चिकटला की तेच. पाती आणि रिंग यांतली फट वाढली की हवा तिथून उलटी फिरते. तिन्ही वेळा मशीन जास्त ओरडते आणि कमी फेकते. मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद, हा समज शिवारात फार पक्का आहे. आमचा अनुभव बहुधा उलटा असतो.

पंख्याजवळच्या स्थिर पट्ट्यांबद्दल थोडे जास्त सांगावे लागेल. फिरत्या पंख्यातून हवा गरगरतच निघते. ती तशीच सोडली तर एका बाजूला वर चढते, दुसऱ्या बाजूला खाली दबते, आणि डावी ओळ ओली तर उजवी अर्धवट राहते. पट्ट्या ही गरगर मोडून हवा सरळ करतात. वजन कमी व्हावे म्हणून पट्ट्या कापून टाकलेल्या मशीनही आमच्याकडे येतात. कृपा करून तसे करू नका. वाकल्या असतील तर सरळ करून देता येतात.

पानांत मात्र खळबळ हवीच. तिच्यामुळे पाने फडफडतात, उलटतात आणि थेंब खालच्या बाजूला बसतो. पण वारा गरजेपेक्षा जोरात असला तर पाने कौलांसारखी एकमेकांवर दाबली जातात. वरचे पान न्हाऊन निघते, आतला घड कोरडा राहतो. छाटणीनंतर फूट कोवळी असते तेव्हा गिअर बॉक्सचा कमी वेग पुरतो. मांडव दाट भरला की वेग वाढवण्याआधी ट्रॅक्टर हळू चालवून पाहा, म्हणजे पानांतली जुनी हवा हटायला वेळ मिळतो. पंख्याचा वेग १० टक्के वाढवला तर हवा १० टक्केच वाढते, ताकद मात्र सुमारे ३३ टक्के जास्त लागते. ती डिझेलमधूनच येते.

तपासायला खर्च नाही. ब्लोअर चालू असताना मांडवाच्या वर बांधलेली रिबन हलकी हलली पाहिजे. ताणून आडवी झाली तर औषध बागेबाहेर चालले आहे. आणखी खात्री हवी असेल तर पाण्याच्या थेंबाने निळा होणारा पिवळा कागद पानाच्या खालून लावा आणि नुसते पाणी मारून बघा.

ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर आमच्या नाशिकमधल्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये गर्दी होते, त्यामुळे निफाड-दिंडोरीकडच्या मंडळींनी शक्यतो आधीच यावे. टाकी रिकामी करून, धुऊन आणा. ओळींतले अंतर आणि बाग मांडवाची आहे की वाय पद्धतीची (Y आकाराच्या आधारावरची), ते सांगा. नोझल आणि पात्यांचा कोन त्यावरून लावून देऊ.