बुलिमिया

खाण्याशी निगडित मानसिक आजार. पूर्ण नाव बुलिमिया नर्व्होसा. थोड्या वेळात, ताबा सुटल्यासारखे भरमसाट खाणे आणि मग वजन वाढेल या धास्तीने उलटी, जुलाबाची औषधे, कडक उपास किंवा अतिव्यायाम यांचा आधार घेणे, असे चक्र यात चालते. सरासरी आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने हे घडत असेल आणि माणूस स्वतःची किंमत वजनावरून, बांध्यावरून ठरवत असेल, तर बुलिमियाचे निदान होते. ग्रीक मुळात या शब्दाचा अर्थ 'बैलाची भूक'. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये या आजाराचे स्वतंत्र वर्णन केले. नावाने मात्र फसू नये. असे खाताना पुष्कळदा भूक नसतेच.

वजन बहुधा सर्वसाधारण असल्याने आजार वर्षानुवर्षे घरातही कळत नाही. जेवण होताच कोणी बाथरूम गाठले, तर घरचे 'ॲसिडिटी' म्हणतात. चतुर्थी, एकादशी, नवरात्र असे उपास जोडून धरले, तर उलट कौतुक होते. मग एखाद्या लग्नात 'अंगाने भरलीस गं' असा शेरा येतो आणि चक्र पुन्हा फिरते. मुलींत प्रमाण अधिक, पण मुलगेही सुटलेले नाहीत. त्यांचा अतिव्यायाम 'फिटनेस'मध्ये खपून जातो. पहिला सुगावा अनेकदा दंतवैद्याला लागतो, कारण पोटातल्या आम्लाने दात आतल्या बाजूने झिजतात. कानाखालच्या लाळग्रंथी सुजतात. रक्तातले पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडणे हा सर्वांत गंभीर धोका आहे, आणि तो वरून दिसत नाही.

'याला ठाण्याला नेऊन सोडा' हा मुंबईकरांचा जुना विनोद. त्याला निमित्त झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. हसण्यावारी नेलेल्या याच वाक्यामुळे मानसोपचाराचे नाव काढायला लोक कचरतात. वास्तविक सुरुवात साध्या बाह्यरुग्ण विभागात होते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा नेरुळचे डी. वाय. पाटील रुग्णालय अशा, वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत ती करता येते. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, मराठीतून, विनामूल्य, चोवीस तास बोलता येते. सोसायटीत कळेल ही भीती असल्यास, उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे.

उपचारांचा गाभा म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती. वेळेवर, नेमाने जेवणे हा तिचाच भाग. काहींना डॉक्टर फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरही वापरले जाणारे औषध देतात. किशोरवयीनांच्या उपचारात आईवडिलांनाही सामील केले जाते. घरच्यांनी ताटावर पहारा ठेवू नये आणि वजनाचा विषय काढू नये. 'तुला त्रास होतोय असं वाटतं, आपण दोघं जाऊ या डॉक्टरकडे' एवढे पुरते. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, उलटीत रक्त किंवा जीव नकोसा वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास ओपीडीच्या वाराची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभागात न्यावे.