प्रकाशप्रेरित स्पिन-बदल

संक्रमण धातूंच्या (लोह, कोबाल्ट, निकेल यांसारख्या) काही जटिल संयुगांवर ठरावीक रंगाचा प्रकाश टाकला की त्यांची चुंबकीय अवस्था बदलते, आणि दुसऱ्या रंगाच्या प्रकाशाने ती पुन्हा मूळपदावर आणता येते. याला प्रकाशप्रेरित स्पिन-बदल म्हणतात; स्पिन हा इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकीय गुणधर्म.

सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो द्विसंयुजी लोहाचा. त्याच्या बाह्य कक्षकांत सहा इलेक्ट्रॉन असतात. नीच-स्पिन अवस्थेत त्यांच्या तीन जोड्या जुळतात व संयुग प्रतिचुंबकीय असते, म्हणजे चुंबकाकडे ओढले जात नाही. उच्च-स्पिन अवस्थेत चार इलेक्ट्रॉन एकटे राहतात व संयुग समचुंबकीय होते, म्हणजे चुंबकाकडे ओढले जाते. दोन्ही अवस्थांच्या ऊर्जा जवळजवळ असल्या, तर नुसत्या तापमानानेही हा पालट घडतो. असे वर्तन इटलीत कांबी यांनी १९३१ च्या सुमारास लोहाच्याच, पण त्रिसंयुजी, संयुगांत नोंदवले होते.

प्रकाशाने घडवलेला बदल घन स्फटिकात टिकतो, हे १९८४ मध्ये जर्मनीतील माइन्त्स येथे ग्युटलिख, हाउझर आदींनी दाखवले. प्रोपिल-टेट्राझोल हा लिगंड (धातूला जोडलेला रेणू) असलेले त्यांचे लोहसंयुग थंड केल्यावर जांभळे होई; सुमारे ५० केल्विनखाली (उणे २२३ अंश सेल्सियस) त्यावर हिरवा प्रकाश टाकताच रंग उडून जाई. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जाऊन खाली येताना उच्च-स्पिन अवस्थेत अडकतात. या अवस्थेत लोह-नायट्रोजन बंध सुमारे ०.२ अँगस्ट्रॉमने (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) लांब असतो. परतायचे तर तो आखडायला हवा, आणि तेवढी औष्णिक ऊर्जा इतक्या थंडीत नसते. जवळच्या अवरक्त प्रकाशाने मात्र परतीची वाट खुली होते.

म्हणजे खरी अडचण बदल घडवण्याची नाही. तो तर पिकोसेकंदाहूनही (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही) कमी वेळात घडू शकतो. अडचण आहे तो टिकवण्याची. तापमान वाढले की अडकलेली अवस्था निसटते, त्यामुळे माहिती साठवण्याची स्वप्ने बहुतांशी द्रव हेलियमच्या थंडीतच राहिली आहेत. जपानमध्ये १९९६ साली हाशिमोतो आदींनी प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्यासारखी रचना असलेल्या कोबाल्ट-लोह पदार्थाचे चुंबकन तांबड्या प्रकाशाने वाढवले व निळ्याने घटवले, तेही अतिशीत तापमानालाच.

सामान्य तापमानाला हे जमवले ते जर्मनीतील कील येथील हेर्गेस यांच्या गटाने, २०११ मध्ये आणि वेगळ्या युक्तीने. निकेल-पॉर्फिरिनला (मध्यभागी निकेल असलेल्या वलयाकार रेणूला) जोडलेली अ‍ॅझोपिरिडिन या प्रकाशाने आकार बदलणाऱ्या घटकाची भुजा ५०० नॅनोमीटरच्या प्रकाशाने वळून, रेकॉर्डवर टेकणाऱ्या सुईसारखी, निकेलला चिकटते व संयुग समचुंबकीय होते. ४३५ नॅनोमीटरला ती सुटते. इथे अवस्था अडकवून ठेवावी लागत नाही, रेणूचा आकारच तिला धरून ठेवतो. शिवाय हे द्रावणात घडते, म्हणून एमआरआय तपासणीसाठी प्रकाशाने चालू-बंद करता येणारी, प्रतिमा ठळक करणारी द्रव्ये बनवण्याच्या दृष्टीने या रेणूंकडे पाहिले जाते.