अंगठीतून गेली म्हणजे पश्मिना खरी?

"खरी पश्मिना शाल अंगठीतून आरपार जाते," हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलोय. काश्मीरच्या सहलीत दुकानदार ते करून दाखवतो, आणि डोळ्यांनी पाहिल्यावर विश्वास बसणं साहजिकच आहे.

पण अंगठीतून काय जातं? जे पातळ आणि गुळगुळीत, ते. व्हिस्कोसची (कृत्रिम रेशमाची) किंवा रेशमाची झिरझिरीत ओढणीही सहज जाते. उलट दाट विणीची, भरगच्च भरतकामाची अस्सल पश्मिना अडकते. मुळात ही ख्याती शाहतूशची. ती लोकर चिरू हरणाला मारून मिळते, म्हणून तिच्या विक्रीवर बंदी आहे. पश्मिना लडाखच्या चांगथांगी शेळीची. वसंतात विंचरून काढतात.

मग तपासायचं कसं? झालरीचा एक धागा काढून, सांभाळून जाळा. जळक्या केसांचा वास आला आणि राखेचा चुरा झाला, तर तो प्राणिज. वितळून कडक गोळी झाली, तर ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर. मात्र साधी लोकर आणि रेशीमही केसांसारखंच जळतं, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका. पश्मिनाचा तंतू साधारण 12 ते 16 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. महागडी शाल घेताना 'काश्मीर पश्मिना'चं जीआय (भौगोलिक मानांकन) लेबल मागाच.