दुर्मीळ इंग्रजी शब्द: जगलेले, मेलेले आणि कधी जन्मलेच नाहीत असे

थंडीच्या दिवसांत ‘ॲप्रिसिटी’ हा इंग्रजी शब्द बडोद्याच्या मराठी मंडळींच्या फोनवर अधूनमधून येतो. अर्थ दिलेला असतो ‘हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब’. आपल्या ‘कोवळ्या उन्हा’ची आठवण करून देणारा हा शब्द कुणालाही आवडावा असाच आहे, आणि अर्थही बरोबर आहे. पण तो जुन्या काळी इंग्लंडात सर्रास बोलला जाई, असे जे सोबत लिहिलेले असते, ते मात्र खरे नाही. त्याची सर्वांत जुनी नोंद १६२३ सालची, हेन्री कॉकरम यांच्या कोशातली. त्यांनी तो कुठे ऐकला, वाचला की स्वतःच घडवला, याचा पत्ता त्या कोशात लागत नाही. दुर्मीळ शब्दांच्या बहुतेक याद्यांची गत अशीच असते. अर्थ मिळतो, पुरावा मिळत नाही. आणि पुराव्याशिवाय तो शब्द कधी माणसांच्या तोंडी होता की फक्त कोशाच्या पानावर होता, हे सांगता येत नाही.

याचे मूळ सोळाव्या शतकात आहे. कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये इंग्लंडात छपाई सुरू केली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांची भाषांतरे धडाक्याने होऊ लागली. इंग्रजीत पुरेसे शब्द नाहीत असे विद्वानांना वाटे, म्हणून लॅटिन शब्द उचलायचा, शेवटचा प्रत्यय बदलायचा आणि वापरायचा, असा प्रघात पडला. लॅटिनच्या ‘-इतास’ची ‘-इटी’ झाली, ‘-आतुस’ या कृदंत रूपाचा ‘-एट’ झाला. या शब्दांना विरोधकांनी ‘इंकहॉर्न’ शब्द म्हटले, म्हणजे दौतीतले शब्द. टॉमस विल्सन यांनी १५५३ मध्ये वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथात असल्या भाषेची नक्कल करणारे एक पत्रच छापले.

ते पत्र आज वाचताना मोठी गंमत दिसते. त्यातले ‘रिव्होल्यूट’ (मनात घोळवणे) आणि ‘इन्जेंट’ (प्रचंड) हे शब्द मेले. पण त्याच वाक्यात, त्याच टवाळीच्या सुरात आलेले ‘सेलिब्रेट’, ‘कपॅसिटी’, ‘डेक्स्टेरिटी’ आज शाळकरी मुलेही जाणतात. ‘इम्पीड’ टिकला, त्याचा जोडीदार ‘एक्सपीड’ गेला. कोणता शब्द जगेल हे त्याच्या घडणीवरून किंवा गोडव्यावरून ठरले नाही. लोकांनी वापरला तो राहिला. म्हणून आज जे दुर्मीळ म्हणून मिरवतात, त्यांतले पुष्कळसे त्या काळच्या स्पर्धेत मागे पडलेले उमेदवार आहेत.

नवे शब्द वाढले तसे ते समजावणारे कोश हवे झाले. रॉबर्ट कॉड्री यांचा १६०४ चा कोश हा पहिला एकभाषी इंग्रजी कोश मानतात. शब्द साधारण अडीच हजार, आणि तेही फक्त ‘कठीण’. घरगुती शब्दांना त्यात जागाच नव्हती. कॉकरम त्याच्या पुढे गेले. त्यांच्या कोशाच्या दुसऱ्या भागात रोजचे साधे शब्द देऊन त्यांच्यापुढे भारदस्त पर्याय मांडले आहेत. म्हणजे कोशाचे काम उलटे झाले. वाचलेल्या शब्दाचा अर्थ लावण्याऐवजी, साध्या बोलण्यावर चढवायचा साज तिथून घ्यायचा. घोड्यावर बसून निघून जाणे याला ‘ॲबेक्विटेट’ म्हणावे, ही असल्याच कारखान्यातली निर्मिती. टॉमस ब्लाउंट यांच्या १६५६ च्या कोशात सुमारे ११,००० शब्द होते. शब्दांच्या व्युत्पत्ती देण्याची आणि काही ठिकाणी शब्द कुठून घेतला ते सांगण्याची चांगली सवय त्यांनी लावली. पण बाकीचे कोशकार एकमेकांचे उतरवून घेत राहिले. एकाने घडवलेला शब्द तीन कोशांत दिसू लागला की चौथ्याला तो प्रस्थापितच वाटे.

सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये ही साखळी बरीचशी तोडली. सुमारे ४२,००० शब्द आणि त्यांच्या आधारासाठी लाखावर अवतरणे. ज्या शब्दांना त्यांना लेखनात आधार सापडला नाही आणि तरी ठेवावेसे वाटले, त्यांच्यापुढे त्यांनी आधीच्या कोशकाराचे नाव किंवा ‘डिक्ट.’ एवढेच लिहिले, म्हणजे हा नुसता कोशातून आला आहे. एवढी काळजी घेऊनही त्यांच्या कोशात ‘फूप’ नावाचे एक क्रियापद शिरलेच. जुन्या छपाईत शब्दाच्या आरंभी आणि मध्ये येणारा ‘एस’ लांबट काढत, आणि तो ‘एफ’सारखा दिसे. मूळ शब्द ‘सूप’ होता, वाचला गेला ‘फूप’. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नसल्याने आपल्याकडे जुनी दप्तरे वाचताना नावांचे जसे घोळ होतात, तशाच जातीचा हा घोळ.

खरी शिस्त आली ती ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये कोशांतून सुटलेले शब्द गोळा करायला समिती नेमली, त्यातून हे काम उभे राहिले. जेम्स मरे यांनी १८७९ पासून ते हातात घेतले, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम संपले १९२८ मध्ये, मरे वारल्यावर तेरा वर्षांनी. ४ लाख १४ हजारांवर शब्द, १८ लाखांवर अवतरणे. पद्धत साधी होती. स्वयंसेवकाने पुस्तक वाचायचे आणि एका चिठ्ठीवर डाव्या कोपऱ्यात शब्द लिहायचा. मग साल, लेखक, ग्रंथ, पान, आणि खाली तो शब्द आलेले पूर्ण वाक्य. एका चिठ्ठीवर एकच शब्द. बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवून गेलेले फिट्झएडवर्ड हॉल हे या कामाचे फार मोठे आधारस्तंभ होते. अनेक वर्षे त्यांनी विनावेतन मुद्रिते तपासली.

इथेही एक चूक झाली, आणि ती शिकण्यासारखी आहे. वाचकांना विचित्र, जुने, अनोखे शब्द टिपा असे सांगितले गेले. त्यांनी तेच केले. ‘अब्यूजन’ या मेलेल्या शब्दाच्या सुमारे पन्नास चिठ्ठ्या जमल्या, आणि रोजच्या ‘अब्यूज’च्या पाचसुद्धा नव्हत्या. साधा शब्द डोळ्यांना दिसतच नाही. मरे आणि त्यांच्या मदतनिसांना नेहमीच्या शब्दांची उदाहरणे पुन्हा हुडकत बसावी लागली. उलट ‘बाँडमेड’ (दासी) या शब्दाच्या चिठ्ठ्या कुठेतरी हरवल्या आणि तो त्या भागातून सुटलाच. पुढे १९३३ च्या पुरवणीत त्याला जागा मिळाली.

या कोशातल्या खुणा ज्याला वाचता येतात, त्याला अर्ध्याहून जास्त प्रश्नांची उत्तरे तिथेच मिळतात. शब्दाआधी कट्यारीचे चिन्ह असेल तर तो वापरातून गेलेला. ‘रेअर’ म्हणजे विरळा. ‘रेअर’च्या डोक्यावर बारीक एक असेल तर वापराचे एकच उदाहरण सापडले आहे. बारीक शून्य असेल तर कोश आणि शब्दयाद्या सोडून कुठेच सापडलेला नाही. ‘नॉन्स-वर्ड’ म्हणजे एकाच प्रसंगापुरता घडवलेला. दोन उभ्या रेघा म्हणजे परकीय आणि अजून पुरता न रुळलेला. फोनवर फिरणाऱ्या यादीत हे शून्य आणि ही कट्यार गळून पडते. उरतो तो एक गोंडस शब्द, आणि वाचणारा तो बायोडेटात वापरायला मोकळा.

सर्वांत बिलंदर जात म्हणजे जे शब्द कधी नव्हतेच ते. भाषाशास्त्रज्ञ वॉल्टर स्कीट यांनी १८८६ मध्ये त्यांना ‘घोस्ट-वर्ड’ हे नाव दिले. ‘ॲबॅकॉट’ हे त्यातले नामांकित उदाहरण. मूळ शब्द ‘बायकॉकेट’, एका प्रकारची टोपी. नामाआधीचा ‘अ’ त्याला चिकटला, नकलकारांनी आणि छापणाऱ्यांनी अक्षरे बदलत नेली, आणि शेवटी दुहेरी मुकुटासारखी राजटोपी असा अर्थ घेऊन ‘ॲबॅकॉट’ कोशांत बसला. मरे यांनी १८८२ मध्ये त्याचे बिंग फोडले. पण अशा चिकटण्या-सुटण्यातूनच काही शब्द कायदेशीरही झाले आहेत. ‘अ नेप्रन’चा ‘ॲन एप्रन’ झाला आणि तो ‘एप्रन’ आता आपल्या स्वयंपाकघरातही आला. फरक वापराचा. ‘एप्रन’ लोकांनी उचलला, ‘ॲबॅकॉट’ फक्त कोशकारांनी.

अमेरिकेतला ‘डॉर्ड’ असाच. १९३१ मध्ये वेब्स्टर या अमेरिकन कोशाच्या कचेरीत रसायनशास्त्राच्या संपादकांनी चिठ्ठी लिहिली: मोठा ‘डी’ किंवा छोटा ‘डी’ ही अक्षरे घनतेचे संक्षेप म्हणून घालावीत. ‘किंवा’साठी इंग्रजी ‘ऑर’. शब्दनोंदीची अक्षरे सुटी सुटी टंकण्याची तिथे पद्धत होती. पुढच्या माणसाने ‘डी ऑर डी’ एकसंध वाचले. १९३४ च्या आवृत्तीत ‘डॉर्ड: घनता’ असा शब्द छापला गेला. १९३९ मध्ये लक्षात आले ते, व्युत्पत्ती दिलेली नाही हे दिसल्यामुळे. तरी तो काढून टाकायला १९४७ उजाडले. कोशात शब्दाला व्युत्पत्ती नसेल तर थबकावे, हा धडा इथला.

याद्यांमध्ये याच्या अगदी उलट प्रकारचेही शब्द असतात, जन्मतारीख नक्की ठाऊक असलेले. इंग्रज लेखक होरेस वॉलपोल यांनी २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात ‘सेरेंडिपिटी’ घडवला. त्यातला ‘सेरेंडिप’ म्हणजे श्रीलंकेचे जुने अरबी-फारसी नाव, आणि त्याच्या मुळाशी आपला सिंहलद्वीप. पहिल्या पावसाचा मृद्गंध सांगणारा ‘पेट्रिकोर’ प्राचीन वाटतो, पण तो १९६४ मध्ये इसाबेल जॉय बेअर आणि आर. जी. टॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडला. ‘पेट्रा’ म्हणजे खडक, ‘आयकोर’ म्हणजे ग्रीक देवांच्या शिरांतला रस. त्यांच्या लेखात उत्तर भारतातल्या मातीच्या अत्तराचाही उल्लेख आहे. ‘साँडर’ तर जॉन कोनिग यांनी २०१२ मध्ये घडवला. रस्त्यावरच्या प्रत्येक अनोळखी माणसाचे आयुष्य आपल्याइतकेच भरलेले आहे ही जाणीव, असा त्याचा अर्थ. नवा असणे हा काही दोष नव्हे. त्याला जुना म्हणून खपवणे चूक.

दुर्मीळपणा जागेवरही अवलंबून असतो, आणि हे बडोद्यात बसून जितके कळते तितके लंडनमध्ये कळणार नाही. पद सोडणे या अर्थाचा ‘डिमिट’ ब्रिटनमधल्या बहुतेक वाचकांना अडखळवतो. आपल्या वर्तमानपत्रांत न्यायमूर्ती आणि राज्यपाल सर्रास ‘डिमिट’ करतात. ‘फेलिसिटेट’चेही तेच. दुसरीकडे आपले शब्द तिकडे जाऊन अनोळखी झाले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात गायकवाडांची नोंद ‘गिकोवार’ अशा रूपात आहे, आणि डच व जुने इंग्रज लेखक बडोद्याला ‘ब्रोडेरा’ म्हणत हेही तिथे मिळते. ‘मंगूस’ हा मराठी मुंगुसावरून आला. म्हणूनच त्याचे अनेकवचन ‘मंगूसेस’ होते. ‘गूस’चे ‘गीस’ होते म्हणून ‘मंगीस’ लिहिणारे चुकतात, कारण या शब्दात हंस नाही.

बडोद्याने या क्षेत्रात स्वतःही मोलाची भर घातली. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ मध्ये, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ निघाला. राज्यकारभारातला इंग्रजी शब्द आणि त्यापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली पर्याय, अशी आठ भाषांची मांडणी. ज्याला इंग्रजी कचेरीतले आता न दिसणारे शब्द समजून घ्यायचे आहेत, त्याने हा कोश आवर्जून पाहावा. मोल्सवर्थ-कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोशही जवळ असावा. त्या काळचा इंग्रजी शब्द त्या काळच्या मराठीत कसा समजला गेला, हे आजचा कुठलाही कोश सांगत नाही.

नवा दुर्मीळ शब्द हाती आला तर तपासणीचा क्रम असा ठेवावा. आधी पहिल्या वापराचे साल आणि ते उदाहरण कोशातले की लेखनातले हे पाहावे. मग मधल्या काळात उदाहरणे आहेत का ते बघावे. १६२३ नंतर एकदम एकविसाव्या शतकात उगवलेला शब्द हा पुनरुज्जीवित म्हणावा, परंपरागत नव्हे. त्यानंतर फोड करावी. इंग्रज निबंधकार विल्यम हॅझ्लिट यांनी १८१९ मध्ये वापरलेला ‘अल्ट्राक्रेपिडेरियन’ घ्या. ‘अल्ट्रा’ म्हणजे पलीकडे, ‘क्रेपिडा’ म्हणजे चप्पल, ‘-एरियन’ हा कर्त्याचा प्रत्यय. अपेलीझ या चित्रकाराच्या चित्रातल्या चपलेची चूक चांभाराने दाखवली, ती त्याने मान्य केली. चांभार पायावरही बोलू लागला तेव्हा ‘चपलेच्या वर जाऊ नकोस’ असे अपेलीझने सुनावले, ही रोमन लेखक प्लिनीने दिलेली कथा त्यात आहे. अर्थ झाला, आपल्या समजुतीपलीकडच्या विषयात मत ठोकणारा. अशी फोड जमली की अर्थ पाठ करावा लागत नाही.

उच्चार शेवटी, पण तो टाळू नये, कारण स्पेलिंगच्या स्पर्धांत मुले इथेच घसरतात. ग्रीक मुळाच्या शब्दांत ‘सी-एच’चा उच्चार ‘क’ होतो, म्हणून ‘पेट्रिकोर’, ‘पेट्रिचोर’ नव्हे. आरंभीचा ‘पी-एस’ फक्त ‘स’, आरंभीचा ‘पी-टी’ फक्त ‘ट’. शब्द लॅटिन की ग्रीक हे न ओळखता देवनागरीत उतरवला तर चूक तिथूनच सुरू होते, आणि एकदा यादीत छापली गेली की ती पुढच्या यादीत तशीच उतरते.