जन्मसालावरून ठरणारा मधुमेह

१९७९पर्यंत मधुमेहाच्या नावातच रुग्णाचे वय असायचे. मुलांना होतो तो ‘जुव्हेनाइल’, चाळिशीनंतर होतो तो ‘मॅच्युरिटी-ऑनसेट’. केसपेपरवरचे वय पाहिले की निम्मे निदान झालेच.

आपल्याकडच्या जुन्या विभागणीत मात्र वयावर भर नव्हता. सुश्रुतसंहितेत प्रमेह (मधुमेह ज्यात मोडतो तो लघवीच्या विकारांचा गट) दोन प्रकारचा: सहज (जन्मजात) आणि अपथ्यनिमित्त (चुकीच्या आहारविहाराने होणारा). पहिल्यातला रोगी कृश, कमी खाणारा, सतत तहानलेला. दुसऱ्यातला स्थूल, खादाड, बसून-झोपून राहणारा. हे वाचून लगेच आजचे टाइप १ (शरीरात साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो) आणि टाइप २ (इन्सुलिन असूनही पुरेसे काम करत नाही तो) म्हणायचा मोह होतो. तो आवरावा असे मला वाटते, कारण त्या काळच्या वैद्यांजवळ तीक्ष्ण नजर होती, रक्त तपासायची सोय नव्हती.

वयाला एवढे वजन आले ते अनुभवातून. इन्सुलिन येण्यापूर्वी मधुमेह झालेले मूल फार काळ जगत नसे, प्रौढ माणूस पथ्यावर वर्षे काढी. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले आणि मुले जगू लागली. पुढे १९३६मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना ग्लुकोज आणि इन्सुलिन एकदमच दिले. काहींची साखर आटोक्यात राहिली, काहींची चढतच गेली, म्हणजे त्यांच्यावर इन्सुलिनचा नीट परिणाम होत नव्हता. १९६०च्या सुमारास रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांना रक्तातले इन्सुलिन मोजता आले, तेव्हा मोठ्या वयाच्या अनेक रुग्णांत ते भरपूर सापडले. १९७४मध्ये काही रुग्णांत, इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातील पेशींवरच उलटलेल्या अँटिबॉडीज (शरीराची संरक्षक प्रथिने) दिसल्या. म्हणजे हे एकाच रोगाचे लहान-मोठे रूप नव्हते. कारणेच वेगळी होती. १९७९च्या नव्या वर्गीकरणाने नावातले वय काढले, १९९७मध्ये टाइप १ आणि टाइप २ ही आजची नावे रूढ झाली.

नावातून गेलेले वय डोक्यातून गेले नाही. तिशीत टाइप १ झालेल्याला ‘वय झाले’ म्हणून गोळ्यांवर ठेवले जाते. उलट टाइप २ आता किशोरवयातही दिसतो. अंगकाठीचाही भरवसा नाही: पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलेला भारतीय माणूस वरून सडपातळ, आतून चरबी साठवलेला असतो. अशा वेळी अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते दाखवणारी) या तपासण्याच खरे सांगतात.

मुलांच्या बाबतीत सगळ्यात घातक असते ती वाट पाहणे. प्रौढाला लक्षणे नसतील तर उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ (मिग्रॅ प्रति डेसिलिटर) किंवा एचबीएवनसी ही रक्ततपासणी ६.५ टक्के निघाल्यावर पुन्हा तपासून खात्री करायला सवड असते. मूल घटाघटा पाणी पीत असेल, वजन उतरत असेल आणि कधीही घेतलेली साखर २००च्या वर असेल, तर निदान झाले. उपचार त्याच दिवशी हवा. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते, त्यामुळे झपाट्याने चढलेल्या आजारात ती फसवी ठरू शकते. उलट्या आणि धाप सुरू झाली की पोट बिघडले असे समजण्यात मोलाचे तास जातात. तो बहुधा कीटोअॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्त आम्लधर्मी होण्याची जीवघेणी अवस्था असते.

इटलीतल्या पार्मा प्रांतात १९९१मध्ये शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत साधी भित्तिपत्रके लावली गेली. विषय एवढाच: खूप तहान, वारंवार लघवी, आणि अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा करू लागणे. डॉक्टरांना लगेच साखर तपासायची साधने दिली. नव्याने निदान होणाऱ्या मुलांपैकी आधी ७८ टक्के मुले कीटोअॅसिडोसिसमध्ये पोहोचलेली असत. पुढच्या काही वर्षांत ते प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले.