सर्व्हर स्लो झालाय? साइज वाढवायच्या आधी हे बघा

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा फोन म्हणजे "साइट रखडतेय, सर्व्हर एक साइज वाढवून द्या". वाढवणं पाच मिनिटांचं काम आहे हो, पण मशीनचं भाडं साधारण दुप्पट होतं आणि दुखणं बऱ्याचदा तिथे नसतंच.

साइट रखडत असतानाच लॉगिन करून टॉप कमांड (सर्व्हरवर काय किती चाललंय ते दाखवते) मारा, नंतर मारून काही दिसत नाही. वर सीपीयूच्या ओळीत शेवटी एसटी असा आकडा असतो, म्हणजे आपल्याला हवा असूनही न मिळालेला सीपीयूचा वेळ. ॲमेझॉनच्या टी२ मायक्रो या छोट्या सर्व्हरवर तो चढलेला असेल तर क्रेडिट, म्हणजे सीपीयू वापरायची साठलेली शिल्लक, बहुधा संपलीय. ही मशीन तासाला ६ क्रेडिट कमावते, एक क्रेडिट म्हणजे एक मिनिट फुल सीपीयू, म्हणजे सतत वापरायला मिळतो फक्त १० टक्के, न वापरलेलं साठतं पण १४४ च्या वर नाही. म्हणून सकाळी पळणारी साइट दुपारी गर्दी झाली की झोपते. स्टॉप-स्टार्ट केलं की बरं वाटतं कारण सुरू होताना ३० क्रेडिट फुकट मिळतात, पण आधीचे साठलेले जातात आणि थोड्या वेळाने परत तेच रडगाणं. टी३ वर अनलिमिटेड मोड (क्रेडिट संपले तरी सीपीयू मिळत राहतो) मुळातच चालू असतो, तिथे साइट झोपत नाही, जादा पैसे लागतात आणि ते कळतं थेट बिलात! क्लाउडवॉचमध्ये (सर्व्हरवर नजर ठेवायची ॲमेझॉनची सोय) सीपीयू क्रेडिट बॅलन्सचा ग्राफ असतो, तो बघत जा.

एसटी शून्य आणि त्याच ओळीतला डब्ल्यूए (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) जास्त, तर डिस्क बघायची. जुन्या जीपी२ डिस्कला जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला किती वेळा वाचता-लिहिता येतं तो आकडा), म्हणजे १०० जीबीला ३००, वर थोडा वेळ ३००० पर्यंत उडी मारता येते, ती शिल्लक संपली की बॅकअप आणि रिपोर्ट एकदमच अडकतात. जीपी३ ला ३००० कायम मिळतात, जीबीमागे दरही कमी, आणि मशीन बंद न करता बदलता येते, तरी लोक जीपी२ वरच बसलेत का ते आम्हाला खरंच कळत नाही. स्नॅपशॉटवरून (डिस्कच्या साठवलेल्या प्रतीवरून) नवीन डिस्क बनवली असेल तर पहिल्यांदा वाचताना ती स्लो चालणारच, तिथे घाबरू नका.

मायएसक्यूएल (साइटचा डेटाबेस) आपोआप बंद पडत असेल आणि डीमेसेजमध्ये (सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी कमांड) आउट ऑफ मेमरी दिसत असेल तर मात्र रॅम कमीच पडतेय, तेव्हा साइज वाढवा, आम्हीच सांगू.

फोन करताना टॉपचा स्क्रीनशॉट आणि किती वाजता रखडलं तेवढं पाठवा, पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका प्लीज.